देव आठवतो तो नवऱ्याच्या पाळीला

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत सातेरी देवी पुजली जाते ती वारुळाच्या रूपात. भूमीचा गर्भच जिथं देवी होऊन बसला आहे, तिथं प्रजननाची वाट कायमची बंद करणं कुणाला पाप वाटलं तर नवल नाही. पण नवऱ्याच्या नसबंदीवरचा आक्षेप खरोखर धर्माचा असेल, तर तो आधी बायकांच्या शस्त्रक्रियेला लागायला हवा. वारुळात पूजतात तो स्त्रीचाच गर्भ. प्रत्यक्षात उलटं घडतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे. नवऱ्याच्या नसबंदीवर विसंबलेल्या जेमतेम ०.३ टक्के. बाईच्या पोटाला छेद द्यावा लागतो, पुरुषाचं काम जागेपुरती भूल देऊन काही मिनिटांत होतं, तरीही. कॅथलिक चर्च निदान सुसंगत आहे: पोप सहावे पॉल यांनी १९६८च्या ‘ह्युमाने विते’ या परिपत्रकात स्त्री-पुरुष दोघांचीही नसबंदी निषिद्ध ठरवली. ती भूमिका मला पटत नाही, पण तिच्याशी वाद घालता येतो. बायकोला मुकाट्यानं दवाखान्यात धाडणाऱ्या घराशी तो कसा घालणार?

पितृऋणाचा मुद्दा जास्त वजनाचा आहे. मात्र दोन लेकरांच्या बापानं ते फेडलेलंच असतं. फिटल्यावरही हप्ते भरत राहा, असं कुठलं शास्त्र सांगत नाही. पौरुष जाईल ही भीती तर निराधारच, कारण ते देणारं संप्रेरक रक्तातून वाहतं, कापलेल्या नळीतून नव्हे. उरतो माघार नसल्याचा धसका. नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच याची हमी नाही, म्हणून निर्णय कायमचाच समजावा. तसे निर्णय आपल्याला परके नाहीत: संन्यासी जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध करून निघतो आणि आपण त्याच्या पाया पडतो.

सगळ्यात खरा आक्षेप सक्तीचा. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, साठ लाखांवर पुरुषांची नसबंदी झाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर सक्तीचं विधेयकच संमत केलं होतं. आपल्या देहावर सरकारची सत्ता नाही, हा पुरुषांचा संताप रास्त होता. पण त्यानंतर नसबंदीच्या सरकारी लक्ष्यांचा रोख बायकांकडे वळला, तेव्हा तोच संताप कुणी त्यांच्यासाठी राखून ठेवला नाही. २०१४ साली छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या शिबिरात शस्त्रक्रिया झालेल्या डझनावर स्त्रिया दगावल्या, आणि अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली बजावावं लागलं.