देवाची इच्छा की मनुष्याची?

काही वर्षांपूर्वी कल्याण तालुक्यातील एका खेड्यात आम्हांस एका मर्तिकास जावे लागले. मयत झालेला तरुण आमच्या मंडळीतला. तो डोंबिवलीस एका नव्या इमारतीच्या कामावर गवंड्याच्या हाताखाली मजुरी करीत असे. बांबूच्या परांचीचा दोर तुटला आणि तो चौथ्या मजल्यावरून खाली आला. दोर कुजला आहे असे मजुरांनी मुकादमास दोन दिवस आधी सांगितले होते. परंतु नवा दोर आणावयाचा म्हणजे खर्च, आणि काम थांबवावयाचे म्हणजे खाडा, म्हणून त्याच दोरावर काम चालू राहिले होते. अंगणात बसलेल्या वडील माणसांपैकी एकजण म्हणाला, “काय करणार? देवाची इच्छा!” सर्वांनी माना हलविल्या. आम्हीही हलविली. तेव्हा त्या मुलाची आई आमच्याकडे वळून म्हणाली, “पाळकसाहेब, देवानेच माझा लेक नेला असेल, तर उद्यापासून मी प्रार्थना कोणाजवळ करू?”

त्या माउलीस त्या दिवशी आम्हांस उत्तर देता आले नाही. परंतु तिचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही; आणि गावोगाव काम करणाऱ्या उपदेशक बंधूंस असाच प्रश्न वारंवार पडत असेल हे जाणून त्याचा येथे थोडा विचार करितो.

आपल्या खेड्यांत असा समज फार जुना आहे की, मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवी येते आणि त्याच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते. तिच्यासाठी कोणी कोरा कागद व लेखणीही मांडून ठेवितात. आपण ख्रिस्ती झालो तेव्हा ही पूजा सोडली. परंतु आम्हांस भय वाटते की, आपल्यापैकी पुष्कळांनी सटवीच्या हातची लेखणी काढून घेतली आणि ती देवाच्या हाती दिली, एवढेच केले. पूर्वी म्हणत, ‘कपाळी होते.’ आता म्हणतो, ‘देवाची इच्छा.’ दारूड्याची बायको मार खाते, ती देवाची इच्छा. सावकाराच्या खोट्या कागदाने शेत जाते, ती देवाची इच्छा. दोर कुजतो, तीही देवाची इच्छा. असे बोलणे नम्रतेचे दिसते खरे. परंतु त्याने देवाच्या चांगुलपणावर डाग लागतो, आणि ज्याने दोर बदलला नाही तो मनुष्य निर्दोष सुटतो.

शास्त्र काय सांगते? यहेज्केल संदेष्ट्याच्या काळी इस्राएल लोकांतही अशीच एक म्हण चालत होती की, बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात मुलांचे आंबले. देवाने त्यांस ती म्हण सोडावयास सांगितले. प्रत्येकाने आपल्या मार्गाचा जाब द्यावयाचा आहे, आणि दुष्टाच्या मरणात मला संतोष नाही, अशा अर्थाचे वचन त्याने अठराव्या अध्यायात दिले. मोशेने लोकांपुढे जीवन व मरण ही दोन्ही मांडली आणि जीवन निवडावयास सांगितले. ज्यास निवडता येतच नाही त्यास ‘निवड’ असे म्हणणे ही थट्टा होईल. आणि देव मनुष्याची थट्टा करीत नाही.

येथे कोणी विचारील, देवाने मनुष्यास अशी मोकळीक दिलीच कशाला? त्याने सर्वांस चांगलेच करावयास भाग पाडले असते तर काय बिघडले असते? ह्याचे उत्तर प्रभूने उधळ्या पुत्राच्या दाखल्यात दिले आहे. धाकट्या मुलाने वाटा मागितला, तेव्हा बापाने त्यास खोलीत कोंडून घातले नाही. कोंडले असते तर मुलगा घरात राहिला असता. परंतु तो मुलगा न राहता कैदी झाला असता. प्रीति जुलमाने होत नाही. जुलमाने चाकरी होते.

आपल्या महाराष्ट्रातच ह्याचे एक सुंदर उदाहरण घडले. कविवर्य नारायण वामन टिळक ह्यांच्या बालपणीच्या शिक्षणाचा काही काळ कल्याण शहरात गेला. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्याबरोबर आल्या नाहीत. दोघांची ताटातूट झाली. पुढे त्या नगरास पतीजवळ येऊन राहिल्या, तरी त्यांनी आपले सोवळे काही काळ पाळलेच. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. जातिभेद माणसाने केलेला आहे, असे लक्ष्मीबाईंच्या मनाने स्वतः घेतले, तेव्हा त्यांनी तो टाकला. आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ ह्या त्यांच्या पुस्तकात ही हकीकत आहे. सक्तीने आणलेली लक्ष्मीबाई मंडळीस अशी साक्ष देऊ शकली असती काय? मनुष्य जर प्रीतीपोटी एवढा धीर धरितो, तर देव किती धरीत असेल!

आता खरी अडचण पुढे आहे. उधळ्या पुत्राने आपल्या मोकळिकीचे फळ आपणच भोगले. परंतु एकाच्या मोकळिकीचे फळ दुसऱ्याच्या डोक्यावर पडते त्याचे काय? ठाणे जिल्ह्यात मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे 4 एप्रिल 2013 रोजी सायंकाळी एक बहुमजली इमारत कोसळली आणि 74 माणसे मेली. त्यांत मजूर होते, त्यांच्या बायका होत्या, लहान मुले होती. ती इमारत परवानगीवाचून, वनखात्याच्या जमिनीवर, अवघ्या काही महिन्यांत उभी केली होती. वर बांधकाम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर लोक राहत होते. पुढे बांधणाऱ्यांबरोबर काही सरकारी नोकरांसही अटक झाली. त्या मुलांनी काय निवडले होते?

प्रभूच्या वेळीही एक बुरूज पडला होता. लूकच्या तेराव्या अध्यायात आहे की, शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती माणसे यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभूने स्वतःच काढला आणि ‘नाही’ म्हणून सांगितले. मेलेल्यांच्या पदरी पाप बांधावयास त्याने साफ नकार दिला. ऐकणाऱ्यांस मात्र तो म्हणाला की, तुम्ही पश्चात्ताप करा. म्हणजे पडलेल्या बुरुजाकडे पाहून ‘ह्यांनी काय केले होते?’ असे विचारू नये. ‘मी काय करीत आहे?’ असे विचारावे.

देवाने मनुष्यांस अशा रीतीने निर्माण केले आहे की, एकाचा हात दुसऱ्यापर्यंत पोहोचतो. म्हणूनच आई लेकरास पाजू शकते, गुरु शिकवू शकतो, आणि आपणांस सुवार्ता कोणाच्या तरी मुखाने ऐकू आली. जो हात भाकर देऊ शकतो त्याच हाताला धोंडा देता येतो. दुसऱ्याचे वाईट करणे ज्यास अशक्य आहे, त्यास दुसऱ्याचे भले करणेही अशक्य होईल. मग प्रीति उरणार कोठे? शिळफाट्यास ज्यांनी लोभाने इमारत रचिली ती माणसेच होती. आणि जे रात्रभर ढिगारा उपसीत राहिले व ज्यांनी दुसऱ्या दिवशीही जिवंत जीव बाहेर काढिले, तीही माणसेच होती. पहिल्यांनी देवाची इच्छा मोडली. दुसऱ्यांच्या हातून ती घडली.

येवढ्याने सर्व कोडे सुटले असे आम्ही म्हणत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. ती धरणी कोणा मनुष्याने हलविली नव्हती. तेथे आपण हात जोडून गप्प बसावे आणि ईयोबाच्या मित्रांसारखी कारणे रचू नयेत. तसेच आपली इच्छा मोकळी आहे म्हणजे ती बलवान आहे असेही नव्हे. 1524 साली एरास्मस ह्या पंडिताने मनुष्याच्या स्वतंत्र इच्छेवर ग्रंथ लिहिला, आणि 1525 साली मार्टिन लूथरने त्यास उत्तर दिले की, पापाने ती इच्छा दास झाली आहे. ह्या वादात आम्ही येथे शिरत नाही. चांगले कळूनही ते हातून होत नाही, हा अनुभव आपणां सर्वांस आहे, आणि म्हणूनच आपणांस कृपेची गरज आहे. परंतु कृपा मनुष्यास दगडासारखी ढकलीत नाही. ती त्याची बेडी सोडिते आणि ‘ऊठ’ म्हणते.

मग देव दूर उभा राहून नुसते पाहतो काय? नाही. मनुष्याच्या मोकळिकीचे सर्वांत भयंकर फळ त्याने आपल्या पुत्राच्या अंगावर पडू दिले. यहूदाने पैसे निवडले, पिलाताने आपली खुर्ची निवडली, लोकसमुदायाने बरब्बास निवडला. आणि त्या सर्वांच्या निवडीखाली प्रभु चिरडला गेला. तिसऱ्या दिवशी देवाने त्यास उठविले. म्हणून ज्याच्यावर दुसऱ्याच्या पापाचा बुरूज पडतो, त्याच्याजवळ त्या ढिगाऱ्यातही देव असतो, असे आम्ही धैर्याने सांगतो.

उपदेशक बंधूंनो, ह्यास्तव आमची तुम्हांस विनंती आहे. दुःखाच्या घरी जाल तेव्हा ‘देवाची इच्छा’ हे शब्द घाईने तोंडातून काढू नका. आधी रडणाऱ्यांबरोबर रडा. ज्या ठिकाणी मनुष्याचा अपराध आहे त्या ठिकाणी तो मनुष्याच्याच नावे लिहा, आणि न्याय मागावयास लाजू नका. मग आपल्याही घराकडे पाहा; आपल्या हातून कोणाचा दोर कुजत पडला आहे काय, ते तपासा.

त्या माउलीकडे आम्ही महिन्याभराने पुन्हा गेलो. आम्ही म्हणालो, “आई, त्या दिवशी आम्ही मान हलविली, ती चूक झाली. तुमचा लेक देवाने मारला नाही. कुजलेल्या दोराने आणि माणसाच्या लोभाने मारला. देवाचाही पुत्र माणसांनी मारला आहे. तुमचे दुःख त्यास कळते.” ती पुष्कळ वेळ बोलली नाही. मग तिने पदराने डोळे पुसले, आणि म्हणाली, “मग बसा, पाळकसाहेब. प्रार्थना करू.”