साक्षीदार क्रमांक एक

कायद्याच्या महाविद्यालयात आपण गुन्ह्याची व्याख्या शिकवितो, आरोपीचे हक्क शिकवितो, पुराव्याचे नियम घोकून घेतो. ज्याच्यावर गुन्हा घडला तो मात्र खटल्याच्या नावातही नसतो. तो केवळ साक्षीदार क्रमांक एक. त्याचे दुःख विद्यार्थ्यांस शिकवावे काय?

‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला पाहा. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप होता. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, अशा कारणांनी सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघा पोलिसांस निर्दोष सोडले. पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे, हा त्यांचा मुद्दा. १९८३ मध्ये कायदा बदलला. अशा पीडितेची ओळख छापण्यावरही बंदी आली. म्हणून ते नाव मी येथे लिहीत नाही.

अशा शिकवणीने आरोपीविषयी पूर्वग्रह उत्पन्न होईल, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर माझ्याच एका अपराधात आहे. चोरीच्या खटल्यात आरोपीतर्फे मी एका वृद्धेची उलटतपासणी केली. वेळ, वार, दागिन्यांची संख्या यांत ती गोंधळली. कोर्टात हशा पिकला. पुरावा अपुरा होता, आरोपी सुटला, आणि ते योग्यच झाले. बाहेर व्हरांड्यात तिने मला विचारले, “वकीलसाहेब, चोरी माझ्या घरात झाली, की मीच केली?”

आरोपीच्या सुटकेसाठी प्रश्न आवश्यक होते. हशा आवश्यक नव्हता. एवढा विवेक शिकविणे म्हणजे पूर्वग्रह नव्हे.

त्यासाठी पीडितास वर्गात उभे करू नये. तेही दुसरी उलटतपासणीच होईल. विद्यार्थ्याने एकच जबानी दोनदा वाचावी: एकदा विसंगती शोधण्यासाठी, एकदा ती आपल्या आईची आहे असे समजून. दोन्ही वाचने मनात एकत्र बाळगणे हेच वकिलाचे शिक्षण.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने तपासाची प्रगती ९० दिवसांत पीडितास कळविण्याचे बंधन पोलिसांवर घातले आहे. कायदा कळविण्यास भाग पाडील. ऐकून घेण्यास नाही. त्या वृद्धेला मी उत्तर दिले नव्हते. प्रत्येक नव्या वर्गापुढे तिचा प्रश्न मी प्रथम ठेवतो.