तूर्त आणि तुरंत

‘अ‍ॅनॉन’ हे इंग्रजी क्रियाविशेषण आता जुन्या नाटकांपुरते उरले आहे. जुन्या इंग्रजीत ते ‘ऑन आन’, म्हणजे ‘एकात’ असे होते. त्यावरून अर्थ झाला ‘तत्क्षणी’. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’मध्ये गुत्त्यातल्या पोऱ्याला आतून हाका येतात. तो पुन्हापुन्हा हाच शब्द ओरडतो आणि तिथेच अडकून राहतो. तोवर शब्द ‘आलोच’ इतका सैल पडला होता. ‘सून’ आणि ‘प्रेझेंटली’ यांचेही मूळ अर्थ ‘ताबडतोब’ असेच. 1611च्या इंग्रजी बायबलात हेरोदियेची मुलगी योहानाचे शिर ‘बाय अँड बाय’ मागते. आजच्या वाचकाला वाटेल, सवडीने दिले तरी चालेल. तिला ते त्याच घडीला हवे होते. माणसे ‘लगेच’ म्हणून उशीर करीत राहिली आणि ऐकणाऱ्यांनी शब्दाचा अर्थ त्या उशिरावरून ठरवला.

मराठीतल्या ‘तूर्त’ची वाट मात्र वेगळी आहे, आणि मला ती अधिक विचारी वाटते. संस्कृत ‘त्वर्’ म्हणजे घाई करणे. हिंदी ‘तुरंत’ आणि आपला ‘तूर्त’ याच घरचे. भिलाईच्या रुआबांधा वसाहतीत हे दोघे शेजारी नांदतात. शेजारी ‘तुरंत’ म्हणाला की उठायचे असते. मराठी घरात ‘तूर्त राहू दे’ म्हटले की बसायचे. ‘तुरत दान महापुण्य’ या म्हणीत जुना वेग अजून टिकून आहे. एरवी ‘लगेच’वरून अर्थ ‘या घडीला’वर आला आणि तिथून ‘या घडीपुरते’वर. इंग्रजी शब्दांना दिरंगाईने झिजवले. ‘तूर्त’ने आजचे सांगून उद्याची जागा मोकळी ठेवली.

भिलाईसारख्या पोलाद कारखान्याच्या गावाला ‘तूर्त’ फार जवळचा आहे. 2 फेब्रुवारी 1955ला या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तेव्हा भिलाई आणि नागपूर एकाच राज्यात होते, आणि राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956ला नागपूर मुंबई राज्यात गेले, भिलाई नव्या मध्य प्रदेशात राहिली. 2000 साली तिचे राज्य छत्तीसगढ झाले. विदर्भातून नोकरीला आलेल्यांच्या पायाखालची जमीन तीच राहिली, पत्ता बदलत गेला. क्वार्टरही कारखान्याचे, नोकरी असेपर्यंतचे. अशा घरात ‘तूर्त इथेच आहोत’ हे वाक्य वर्षानुवर्षे खरे असू शकते. त्यात ना रडगाणे असते, ना परतण्याचे खोटे वचन.

इथे हिंदीत वाढलेली मुले ‘तूर्त’ ऐकतात तेव्हा त्यांना ‘तुरंत’च ऐकू येतो. नागपूरहून आजीने ‘तूर्त येऊ नका’ असे कळवले, तर मुले त्याचा अर्थ ‘लगेच येऊ नका’ असा लावतात. निरोप बहुतेक पोचतो. त्यातले ‘पुढचे पुढे पाहू’ तेवढे त्यांच्यापर्यंत येत नाही, आणि आजीला नेमके तेच सांगायचे असते.