ऐकणारे किती, ऐकण्याजोगे काय?

कोलाडच्या एस.टी. स्टँडवरही आता मुलांच्या कानात पॉडकास्ट असतो. ज्याचे श्रोते जास्त तो चांगला, असा त्यांचा सरळ हिशेब. आम्हांस तो अपुरा वाटतो.

१९५२ साली माहितीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी दर्जाच्या आग्रहापोटी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आवर घातला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तेथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अखेर १९५७ मध्ये 'विविध भारती' काढावी लागली. दर्जा वरून लादता येत नाही, एवढे यातून कळले.

पण नुसती मोजणीही पुरत नाही. सयानींच्या मातोश्री कुलसुम सयानी १९४० पासून नवसाक्षरांसाठी 'रहबर' हे पाक्षिक नागरी, उर्दू व गुजराती लिपींत काढीत. त्यातली सोपी हिंदुस्थानी मुलाच्या जिभेवर बसली. पत्रांचे ढीग मात्र गीतमालेला आले.

आवाज किती जणांपर्यंत पोहोचला, एवढेच संख्या सांगते. ऐकणाऱ्यापाशी काय उरले, हे नाही. मराठीत लिहिणाऱ्या आम्हा मुसलमानांचे वाचकही थोडेच. म्हणून आमचे लेखन हलके ठरत नाही; आणि वाचक थोडे, एवढ्यावर ते थोरही ठरत नाही.