घंटा कीं ब्रेक?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें आठवड्याचें अर्धें काम सायकलीवर होतें. एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर, शाळेंतून बाजारांत, आणि अंधार पडल्यावर परत घरीं. ज्या वाटेवर पूर्वी बैलगाडीवांचून दुसरें कांहीं भेटत नसे, तेथें आतां डांबरी रस्ता झाला असून ट्रक व मोटारसायकली भरधांव धांवतात. म्हणून एका प्रश्नाचा विचार वाचकांबरोबर करावा असें आम्हांस वाटतें. रस्त्यावर आपला हक्क असतां आपण वाट सोडावी काय? आणि सोडली तर तो भित्रेपणा कीं कर्तव्य?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकांत भेटला नाहीं. तो मुंबईस, गिरगांवांतील फणसवाडीच्या तोंडाशीं भेटला. नांवावरून तेथें कोणे काळीं फणसांची बाग असावी. आज चाळी, दुकानें आणि बालाजीचें देऊळ आहे. गल्ली अरुंद, व ती ज्या रस्त्यास मिळते त्याचें नांव जगन्नाथ शंकरशेट मार्ग असलें तरी जुने लोक त्यास गिरगांव रोडच म्हणतात. सुमारें चाळीस वर्षांपूर्वी आम्ही तेथें एका नातलगाच्या खोलीवर राहत होतों व सायकलीनें फोर्टांतील कचेरींत जात होतों. पहांटे दूधवाल्याची सायकल, मग पाववाल्याची, मग वर्तमानपत्रें टाकणाऱ्या पोराची, आणि दिवस वर आल्यावर हँडलास व कॅरियरला डबे लटकावलेली डबेवाल्याची. डबे पोंचविण्याचा हा धंदा १८९० सालापासूनचा. मुंबईंतील ट्राम १९६४ सालीं बंद झाली, आणि २०२५ सालीं भुयारी रेल्वेचें स्टेशनही गिरगांवांत उघडलें. परंतु स्टेशनापासून जिन्यापर्यंतचा शेवटचा तुकडा अजून पायांचा आणि सायकलीचाच आहे.

एके दिवशीं सकाळीं आम्ही गल्लींतून बाहेर पडतों तोंच एका टॅक्सीनें आमचें हँडल घांसून नेलें. चूक सर्वस्वी टॅक्सीवाल्याची होती. तरी त्यानें कर्णा वाजवून, मान बाहेर काढून, "दिसत नाहीं काय?" असें आम्हांसच विचारलें. आमच्या अंगाचा तिळपापड झाला. आपणही रस्त्याचे धनी आहों हें दाखविण्यासाठीं आम्हीं जोरानें पायडल मारलें. वीस पावलांवर एक म्हातारी बाई भाजीची पिशवी घेऊन पदपथावरून खालीं उतरली. आम्हीं घंटा वाजविली; एकदां, दोनदां, तीनदां. ती बाजूस झाली नाहीं. हँडल तिच्या कोंपरास लागलें, ती पडली आणि तिचें मनगट मोडलें. आणि आमच्या तोंडून पहिले शब्द कोणते निघाले? "आजी, दिसत नाहीं काय? एवढी घंटा वाजविली!" आमचे ओठ हालतांना पाहून ती म्हणाली, "बाळा, मला ऐकूं येत नाहीं रे."

जे शब्द ऐकून आम्ही संतापलों होतों, तेच शब्द एका मिनिटाच्या आंत आम्हीं तिला ऐकविले. टॅक्सीपुढें आम्ही दुबळे होतों, आणि म्हातारीपुढें आम्हीच टॅक्सी झालों. दुबळा म्हणून जन्मभर कोणी रस्त्यावर असत नाहीं. दर दहा पावलांस त्याची जागा बदलते.

त्या दिवसापासून घंटा व ब्रेक यांविषयीं आमचें मत पालटलें. घंटा म्हणते, "मी येत आहें, तूं हो बाजूला." ती सगळें ओझें दुसऱ्याच्या शिरावर टाकते. त्याला ऐकूं येतें, त्याचें पाऊल चपळ आहे, त्याचें चित्त ठिकाणावर आहे, हें सर्व ती गृहीत धरते. ब्रेक कांहींच गृहीत धरीत नाहीं. घंटा वाजवूं नये असें आमचें म्हणणें नव्हे. पण हात आधीं ब्रेकवर असावा. १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ले यानें जवळजवळ सारख्या दोन चाकांची सायकल काढली. तिच्या जातीच्या सायकलींस "सेफ्टी" म्हणत, कारण त्यापूर्वीच्या उंच चाकावरून माणूस डोक्यावर पडे. परंतु ती सुरक्षितता बसणाराची. रस्ता ओलांडणाऱ्या आजीचा विचार त्या नांवांत नव्हता.

वेग दुप्पट झाला म्हणजे आघाताचा जोर चौपट होतो, हा सृष्टीचा नियम आहे. येथें दंड भरून सुटतां येत नाहीं. आपल्या देशांत २०२२ सालीं रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं आणि चार हजारांहून अधिक सायकलवाले. ज्यांच्या हातून कोणास इजा होण्याचा संभव सर्वांत कमी, अशीं हीं माणसें.

यावर एक वाचक म्हणेल, "दुबळ्यानें नेहमीं वाट सोडली तर बलवान अधिकच माजेल." हा आक्षेप आम्ही हलका समजत नाहीं. सायकलवाल्याचा रस्त्यावर पुरता हक्क आहे, आणि कडेला चेंगरून चालणें ही नम्रताही नव्हे व सुरक्षितताही नव्हे. उभ्या मोटारींस घांसून जाणाऱ्याच्या अंगावर एकाएकीं दार उघडतें. म्हणून त्यांच्यापासून हातभर नव्हे, दार उघडेल इतकें अंतर ठेवून, सरळ रेषेंत, सर्वांस दिसेल असें चालावें. (मोटारींत बसणाऱ्या वाचकांस एक विनंती: चालकानें आपल्या उजव्या बाजूचें दार डाव्या हातानें उघडावें. तसें करतांना अंग आपोआप वळतें आणि मागून येणारा दिसतो.) वाट सोडणें म्हणजे स्वतःस नाहींसें करणें नव्हे. जो दिसतो तोच वाट देऊं शकतो.

उलट, डावीकडे वळूं पाहणाऱ्या बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या कुशीस कधीं उभें राहूं नये. चालक उजवीकडे बसलेला. त्यास तेथील माणूस दिसत नाहीं, आणि वळतांना मागचीं चाकें पुढच्यांपेक्षां आंतून येतात. तेथें हक्क कोणाचा हें विचारण्यास मागाहून कोणी उरत नाहीं. एकेरी रस्त्यावर उलट दिशेनें सायकल घालणाऱ्यास आपलें पाप लहान वाटतें, कारण सायकल लहान. पण रस्ता ओलांडणारा एकाच बाजूस पाहत असतो, आणि तो ज्या विश्वासावर पाऊल टाकतो तोच विश्वास आपण मोडतों.

दिव्याविषयींही असेंच. पूर्वी रात्रीं सायकलीस दिवा नसला कीं शिपाई अडवी, आणि पोरें तेवढ्यापुरती उतरून सायकल हातीं धरून चालत. तो दिवा शिपायासाठीं आहे अशी आमची समजूत होती. वास्तविक तो त्या ट्रकचालकासाठीं आहे, ज्याच्या हातून अंधारांत नकळत माणूस मरेल आणि ज्याला तें जन्मभर विसरतां येणार नाहीं. पुढें पांढरा दिवा, मागें तांबडी कांच; डोक्यास टोपडें असल्यास बरें. एवढा खर्च परक्याच्या झोंपेसाठीं करावयास हरकत नसावी.

आणि कोणी पडलाच तर? पुष्कळ काळ लोक पोलिसांच्या फेऱ्याच्या भीतीनें जखमी माणसाजवळून निघून जात. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा मदत करणाऱ्यांच्या रक्षणाचे नियम बंधनकारक केले, व २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम घालण्यांत आलें. मदत करणाऱ्यावर खटला चालत नाहीं आणि त्यानें नांव सांगितलेंच पाहिजे अशी सक्ती नाहीं. त्या कलमानें ज्याचें नांव घेतलें आहे तो शोमरोनी आमच्या वाचकांस ठाऊक आहे. त्याचीही गोष्ट रस्त्यावरचीच.

फणसवाडीच्या तोंडाशीं त्या दिवशीं असा कायदा नव्हता. आम्ही सायकल धरून उभेच होतों. समोरून एक पाववाला आला, त्यानें पावाची पेटी भिंतीशीं टेकविली, आपलें उपरणें फाडून आजीचा हात गळ्यांत बांधला आणि एक टॅक्सी थांबविली. आम्हांस मागें बसवून पिशवींतली भाजी गोळा करून आमच्या मांडीवर दिली. संध्याकाळीं आम्ही परत आलों तेव्हां आमची सायकल देवळाच्या भिंतीशीं लावलेली होती, आणि वांकडें झालेलें हँडल कोणीतरी सरळ करून ठेवलें होतें.