विषम



आजचा श्लोक : गीता, अध्याय 2, श्लोक 2.

अर्जुन धनुष्य टाकून रथात बसलाय, डोळे भरून आलेत. त्याच्या विलापाला कृष्णाचं हे पहिलं उत्तर. त्यात एक छोटा शब्द आहे, 'विषमे'. अनुवादात तिथे साधारण 'अशा अवघड प्रसंगी' असं येतं. बरोबरच आहे. पण शब्द मुळात जमिनीचा. सम म्हणजे सपाट. विषम म्हणजे उंचसखल, खाचखळग्यांची, जिथे पाय नीट ठरत नाही अशी. (विषाशी त्याचा संबंध नाही, वि + सम, आणि 'वि'मधल्या इकारामुळे स चा ष झाला, एवढंच.) आज हा शब्द आपल्याला भेटतो तो गणितात, नाहीतर पार्किंगच्या पाटीवर : सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला.

आता गंमत बघा. कुरुक्षेत्र हरियाणात आहे, सगळा मैदानी मुलूख. रथ धावायचे तर जमीन सपाटच हवी. तरी कृष्ण तिला विषम म्हणतो. कारण समोर आजोबा उभे आहेत, गुरू उभे आहेत, भाऊ उभे आहेत. माती तीच, पण उभं कुठे राहायचं ते कळत नाही.

पुढे 2.48 मध्ये समत्वालाच योग म्हटलंय. आणि इथे आपली गडबड सुरू होते. कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरी माणूस गेलं, की आपण लगेच मेसेज टाकतो, 'सुखदुःख समान मान, स्थिर राहा.' खड्ड्यात उभ्या असलेल्याला काठावरून सांगायचं की जमीन सपाट समज! मला हे पटत नाही. सम राहणं ही मी स्वतःकडून करायची अपेक्षा आहे. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल गीता 6.32 मध्ये वेगळंच सांगते : स्वतःवरून त्याचं सुखदुःख ओळखणारा, ते आपल्याइतकंच मानणारा, तो श्रेष्ठ योगी. शब्द तोच, 'सम'. पण इथे समत्व म्हणजे त्याचं दुखणं मलाही तितकंच दुखलं पाहिजे. समाजातली विषमता बघून 'मी समदर्शी आहे' म्हणत पुढे जाणाऱ्यांनी हा श्लोक जरूर वाचावा.

कुणी म्हणेल, कृष्णानेही अर्जुनाला रडताना झापलंच की. झापलं, खरंय. पण काठावरून नाही. तो त्याच रथात होता, लगाम हातात धरून, दोन्ही सैन्यांच्या मधोमध. आणि झापून निघून गेला नाही; पुढे अठराव्या अध्यायापर्यंत अर्जुनाच्या एकेका शंकेला उत्तर देत बसला.

उद्या 2.3. तिथे तो अजून कडक बोलतो.