सही करण्याआधी

माणूस कसा मेला हे ठरवायचा हक्क कुणाचा?

चार वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ पिंपळगाव बसवंतच्या शिवारात विहिरीत सापडला. कांदा भरायला गेला होता. पंचनाम्यात लिहिलं, नशेत पाय घसरला. माय म्हणाली, "त्यानं कधी थेंब शिवला नाही रं. अन् मनगटावर ह्ये वळ कशाचे?" साहेब म्हणाले, "म्हातारी दुःखानं बडबडतेय." मी न वाचता सही केली. गिरणीत सुताचा धागा तुटला तर मला लांबून दिसतो. भावाच्या मनगटाकडं मी पाहिलंसुद्धा नाही.

मग परभणी घडली. 10 डिसेंबर 2024 ला बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग धरपकड. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनात आलं, अनेक जखमांमुळे शॉक. विधानसभेत सांगितलं गेलं, श्वासाचा आजार. म्हणजे डॉक्टरचा कागद आपल्या बाजूनं बोलला तर तोही पुरत नाही! पण त्याची आई विजयाबाई हटली नाही. जुलै 2025 मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथंही हरलं.

कुणी म्हणेल, आईचं दुःख हा काही पुरावा नव्हे. कबूल. माय म्हणते म्हणून मी खरं मानणार नाही. पण मग साहेब म्हणतो म्हणूनही मानणार नाही. कालामांना बुद्धानं हेच शिकवलं. सांगणारा मोठा आहे एवढ्यावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या. दुःख पुरावा नसेल, पण चौकशीची पहिली हाक तेच देतं. प्रेताला शेवटची आंघोळ घालणाऱ्या हातांना जे कळतं, ते खुर्चीवरून कळत नाही.

वस्तीतले म्हणतात, "गेलेला परत येतो का?" नाही येत. पण खोटं त्याच्या नावावर राहतं, अन् त्याची पोरं ते वागवतात.

कदाचित त्याचा पाय खरंच घसरला असेल. तसं निघालं तर तेही मी मायसमोर बसून सांगीन. सत्य आपल्या सोयीचं असावं, ही अट घालून सत्य मागता येत नाही.

उद्या सुट्टी आहे. शवविच्छेदनाच्या अहवालाची नक्कल मागायला निघालोय. या खेपेला आधी वाचीन, मग सही करीन.